गोबरगॅस शुद्ध करायला बर्फाचं यंत्र? थंडीचा हिशेब मांडणाऱ्या कार्ल फॉन लिंडे यांची गोष्ट

एप्रिल २०२१ आठवतो का? कोविडची दुसरी लाट होती आणि प्रत्येकाच्या व्हॉट्सॲपवर ऑक्सिजन सिलिंडर कुठे मिळेल एवढा एकच प्रश्न फिरत होता. त्या दिवसांत विशाखापट्टणमहून देशातली पहिली ऑक्सिजन एक्सप्रेस निघाली. सात टँकरपैकी तीन नागपूरला उतरले आणि उरलेले चार घेऊन गाडी नाशिककडे गेली. नागपूर-भुसावळ लाइन म्हणजे आपलीच. शेगाव, जलंब, नांदुरा, मलकापूर, ही सगळी स्टेशनं तिच्या वाटेवर. बाहेर चाळीसच्या वर पारा आणि टँकरच्या पोटात उणे १८३ अंशांचा द्रवरूप ऑक्सिजन.

तो ऑक्सिजन हवेतूनच काढलेला होता. हवा इतकी थंड करायची की ती पाण्यासारखी वाहू लागते, मग तिच्यातले वायू एकेक करून वेगळे करायचे. ही रीत कारखान्यात चालेल अशी करून दाखवली कार्ल फॉन लिंडे या जर्मन इंजिनियरनं, सव्वाशे वर्षांपूर्वी.

आता तुम्ही म्हणाल, याचा गोबरगॅसशी काय संबंध? संबंध आहे, आणि तो विजेच्या बिलाचा आहे.

गोबरगॅसमध्ये साधारण ६० टक्के मिथेन असतो. तोच जळतो. उरलेल्यात बहुतेक सगळा कार्बन डायऑक्साइड, शिवाय पाण्याची वाफ आणि सडक्या अंड्याच्या वासाचा थोडा हायड्रोजन सल्फाइड. घरच्या शेगडीला हे मिश्रण चालतं. गाडीत सीएनजीसारखं भरायचं असेल तर चालत नाही. भारतीय मानकाप्रमाणे त्यात किमान ९० टक्के मिथेन हवा. ऑक्टोबर २०१८ मध्ये केंद्र सरकारनं 'सतत' योजना आणली, तेल कंपन्यांनी असा शुद्ध गॅस विकत घ्यायचं ठरलं आणि गावोगावी शेणाकडे, पऱ्हाट्यांकडे, सोयाबीनच्या कुटाराकडे लोक वेगळ्या नजरेनं बघायला लागले.

शुद्ध करायच्या पद्धती बऱ्याच आहेत. आपल्या देशात जास्त करून गॅस पाण्यानं धुतात, नाहीतर कार्बन डायऑक्साइड शोषणाऱ्या दाण्यांमधून किंवा पातळ पडद्यातून दाबानं सोडतात. चौथी पद्धत गॅस गोठवायची. कार्बन डायऑक्साइड मिथेनच्या कितीतरी आधी गोठतो, म्हणजे थंड करत गेलं की तो बर्फ होऊन बाजूला पडतो आणि मिथेन वायूच राहतो. पाण्याची गरज नाही. आपल्या खारपाण पट्ट्यात ही साधी बाब नाही. शिवाय मे महिन्यातल्या कोमट पाण्यात कार्बन डायऑक्साइड विरघळतोही कमी. वर जो बर्फ हाती येतो तो ड्राय आइस म्हणून विकता येतो.

मग सगळे हेच का करत नाहीत? कारण इतकी थंडी महाग पडते. ती स्वस्त कशी करायची, हाच लिंडे यांच्या आयुष्यभराचा उद्योग होता.

कार्ल लिंडे यांचा जन्म ११ जून १८४२ चा, बव्हेरियातल्या बेर्नडॉर्फ नावाच्या खेड्यातला. वडील प्रोटेस्टंट चर्चचे पाद्री. मुलगाही त्याच वाटेनं जाईल असं घरच्यांनी धरून चाललं होतं. पुढे वडिलांची बदली केम्प्टन गावाला झाली आणि कारखाने बघून पोराचं मन यंत्रांत रमलं. १८६१ साली तो झुरिकच्या पॉलिटेक्निकमध्ये दाखल झाला. तिथे शिकवायला होते रुडॉल्फ क्लाउजिउस. उष्णता आपणहून गरमाकडून थंडाकडे जाते, उलट न्यायची असेल तर काम करावं लागतं, हा नियम नीट मांडणाऱ्यांपैकी ते एक. थंडीच्या धंद्यात पडणाऱ्या माणसाला याहून चांगला गुरू कुठला मिळणार?

पण पदवी काही मिळाली नाही. १८६४ मध्ये विद्यार्थ्यांच्या एका आंदोलनात भाग घेतला म्हणून लिंडे यांना कॉलेजमधून काढून टाकलं. हातात सर्टिफिकेट नाही, वय बावीस. शिक्षकांच्या ओळखीवर केम्प्टनजवळच्या कोटर्न इथल्या सूतगिरणीत शिकाऊ म्हणून लागले. तिथून बर्लिनला बोर्झिगच्या कारखान्यात, मग म्युनिकला क्राउस यांच्या रेल्वे इंजिनांच्या नव्या कारखान्यात. तिथे चोविसाव्या वर्षी आराखडे काढणाऱ्या विभागाचे प्रमुख झाले. त्याच वर्षी, १८६६ मध्ये, हेलेन ग्रिम यांच्याशी लग्न झालं. १८६८ मध्ये म्युनिकला नवी पॉलिटेक्निक निघाली तेव्हा त्यांनी अर्ज केला आणि ज्याला पदवी मिळाली नव्हती तो माणूस तिथे शिकवायला लागला.

थंडीकडे ते वळले ते जवळजवळ योगायोगानं. पॅराफिन गोठवून वेगळं काढायला थंडीचं यंत्र हवं, अशी बक्षिसाची एक जाहिरात त्यांच्या वाचनात आली. बर्फ करणारी यंत्रं तेव्हा नवीन नव्हती. बरेच जण ती बनवत होते, विकत होते. लिंडे यांनी एक वेगळा प्रश्न विचारला. एवढी थंडी तयार करायला निसर्गाच्या नियमानं कमीत कमी किती काम लागायला हवं, आणि ही यंत्रं प्रत्यक्षात किती खातात? हिशेब केला तर फरक प्रचंड निघाला. १८७० आणि १८७१ साली त्यांनी हे लेख म्युनिकच्या एका औद्योगिक नियतकालिकात छापले. (त्याच १८७० साली आपल्याकडे व्हॉइसरॉय मेयो खामगावला आले होते, जलंब-खामगाव रेल्वे आणि कापसाचा बाजार सुरू करायला. काळ डोळ्यांसमोर यावा म्हणून सांगितलं.)

हा हिशेब आपणही करू शकतो, फोनमधल्या कॅल्क्युलेटरवर. बाहेरचं तापमान वजा आतलं तापमान, भागिले आतलं तापमान. तापमान केल्विनमध्ये, म्हणजे सेल्सिअसमध्ये २७३ मिळवून. खामगावच्या मे महिन्यात बाहेर ४५ अंश आहेत असं धरू. फ्रीजमधल्या ५ अंशांवरून उष्णतेचं एक युनिट बाहेर फेकायला कमीत कमी ०.१४ युनिट काम लागतं. उणे ११० अंशांवरून तेच एक युनिट उपसायला ०.९५. आणि मिथेन द्रवरूप होतो त्या उणे १६१ वरून, १.८४. ही निसर्गानं ठरवलेली किमान किंमत. खरं यंत्र त्याच्या दुप्पट-तिप्पट किंवा त्याहूनही जास्त घेतं.

उणे ११० हा आकडा मी उगाच घेतला नाही. निव्वळ कार्बन डायऑक्साइड साध्या दाबाला उणे ७८ अंशांवर गोठतो, हे शाळेत शिकलो. गोबरगॅसमध्ये मात्र तो एकटा नसतो. जसजसा तो गोठून बाहेर पडतो तसतसा उरलेला विरळ होत जातो आणि विरळ झालेला गोठवायला आणखी खाली उतरावं लागतं. गॅसचा दाब न वाढवता तो चार टक्क्यांवर आणायचा तर उणे ११० च्या आसपास जावं लागतं. आणि आकड्यांतून आणखी एक गंमत दिसते. बाहेर ४५ च्या जागी १५ अंश असले, म्हणजे डिसेंबरातली घाटावरची, बुलढाणा-चिखलीकडची रात्र असली, तर ०.९५ चे ०.७७ होतात. तेच यंत्र, तोच गॅस, पण घाटाखालच्या मे महिन्याच्या दुपारी किमान किंमतच सुमारे पाव पट जास्त.

लिंडे यांचे लेख वाचून धावत आले ते बियर बनवणारे. बव्हेरियाची बियर थंडीत आंबवावी लागते, त्यामुळे दारूभट्ट्या हिवाळ्यात तळ्यांवरचा बर्फ कापून तळघरांत साठवायच्या. हिवाळा ऊबदार गेला की वर्षाचा धंदा बसला. म्युनिकच्या श्पाटेन ब्रुअरीचे गाब्रिएल झेडलमायर आणि व्हिएन्नाचे द्रेअर यांनी लिंडे यांना पैसे दिले, जागा दिली. यंत्र ऑग्सबुर्गच्या कारखान्यात तयार झालं.

आणि फसलं. पहिल्या यंत्रात मिथिल ईथर वापरलं होतं. दांड्याच्या बाजूनं वायू गळू नये म्हणून पाऱ्याचं बूच केलं, ते टिकेना. कागदावर हिशेब अचूक होता, घात केला एका सीलनं. ज्यांनी कधी पंप उघडून पाहिलाय त्यांना हे दुखणं नवीन नाही. लिंडे यांनी हिशेबाला धक्का लावला नाही, यंत्र बदललं. ईथर गेलं, अमोनिया आला, सील नव्यानं रचलं. १८७६ च्या सुमाराचं हे दुसरं यंत्र ट्रिएस्टेच्या द्रेअर ब्रुअरीत बसलं आणि १९०८ पर्यंत चाललं. आज आपल्याकडच्या मोठ्या कोल्ड स्टोरेजमध्ये शिरताना तो नाकात जाणारा अमोनियाचा वास येतो ना, ती याच घराण्याची यंत्रं.

१८७९ मध्ये प्रोफेसरची पक्की नोकरी सोडून त्यांनी वीसबाडेनला कंपनी काढली. सहा मुलांचा बाप असा निर्णय घेतो तेव्हा घरात काय बोलणं झालं असेल, याची कल्पना तुम्हीच करा. कंपनी चालली, जोरात चालली. १८९० पर्यंत सातशेहून जास्त यंत्रं विकली गेली.

या काळातलं एक पात्र तुमच्या ओळखीचं आहे. रुडॉल्फ डिझेल हा म्युनिकला लिंडे यांचा विद्यार्थी होता. इंधनातल्या उष्णतेपैकी किती थोडा भाग वाफेचं इंजिन कामात आणतं, हे त्यानं लिंडे यांच्याच वर्गात ऐकलं आणि ते त्याच्या डोक्यातून गेलं नाही. लिंडे यांनी त्याला पॅरिसला आपल्या बर्फयंत्रांच्या कामाला लावलं. तिथून पुढे त्यानं स्वतःचं इंजिन काढलं. शेतातला ट्रॅक्टर आणि गोठ्यामागचा बायोगॅस यांची वंशावळ अशी एकाच वर्गात जुळते.

१८९० मध्ये लिंडे यांनी रोजचा कारभार इतरांवर सोपवला आणि म्युनिकला परतले. वय अठ्ठेचाळीस. आता निवांत संशोधन करू, असा बेत होता. १८९२ मध्ये डब्लिनच्या गिनेस ब्रुअरीकडून ऑर्डर आली. बियर आंबताना जो कार्बन डायऑक्साइड सुटतो तो द्रवरूप करणारं यंत्र हवं होतं.

इथे थोडं थांबू या. आंबण्यातून निघणारा वायू, त्यातला कार्बन डायऑक्साइड, आणि तो थंडी-दाबानं द्रवरूप करायचा. गोबरगॅस गोठवून शुद्ध करणाऱ्या प्लांटमधलं अर्धं काम हेच आहे. डब्लिनमध्ये आंबत होतं धान्य, आपल्याकडे आंबतं शेण. फरक एवढाच की गिनेसला कार्बन डायऑक्साइड हवा होता आणि आपल्याला तो नको आहे. याच ऑर्डरमुळे लिंडे खूप खालच्या तापमानांच्या मागे लागले. १८९४ मध्ये त्यांनी थेट हवाच द्रवरूप करायची ठरवली.

हवा द्रवरूप करणं म्हणजे उणे १९० च्या खाली जाणं. प्रयोगशाळेत थेंबभर हवा इतरांनी आधी केली होती, पण त्यासाठी एकाखाली एक अशी थंडीची बरीच यंत्रं लागायची. लिंडे यांच्याजवळ दोन गोष्टी होत्या. पहिली जुनी, जूल आणि थॉमसन यांनी शोधलेली: दाबलेला वायू बारीक तोंडातून सैल सोडला की थोडा थंड होतो. डिओ मारताना हे जाणवतं, तिथे कारण काहीसं वेगळं असलं तरी. हवेच्या बाबतीत हा थंडावा फारच तुटपुंजा. एका वातावरणाएवढा दाब कमी झाला तर साधारण पाव अंश. शंभर वातावरणं खर्च करा, मिळणार पंचवीस अंश. यात हवा कधी द्रव होणार?

दुसरी गोष्ट लिंडे यांच्या हिशेबी डोक्यातून आली. सैल सोडून थंड झालेली हवा बाहेर फेकायचीच नाही. ती उलट्या दिशेनं परत न्यायची, येणाऱ्या गरम हवेच्या नळीला खेटून. म्हणजे येणारी हवा तोंडापाशी पोचायच्या आधीच थंड झालेली. ती सैल सुटली की आणखी पंचवीस अंश खाली. ती परत जाताना पुढच्या हवेला त्याहून जास्त थंड करते. दर फेरीला खाली, खाली, शेवटी थेंब.

नळ्या उलट्या दिशेनं का? घरी करून बघा. गरम चहाचा पेला थंड पाण्याच्या पातेल्यात ठेवा. चहा थोडा निवतो, पाणी थोडं तापतं, आणि दोघं मधेच कुठेतरी अडकतात. आता चहा आणि पाणी दोन चिकटलेल्या लांब नळ्यांतून विरुद्ध दिशेनं वाहतात असं समजा. चहा जिथून बाहेर पडतो तिथे त्याला अगदी ताजं थंड पाणी भेटतं. तो जवळजवळ पूर्ण थंड होऊन निघतो आणि पाणी जवळजवळ चहाइतकं गरम होऊन. दोघांनी तापमानाची अदलाबदल केली आणि वीज लागली फक्त ढकलायला.

१८९५ मध्ये हे यंत्र चाललं आणि द्रवरूप हवा निघाली. त्याच वर्षी, काही दिवसांच्या फरकानं, इंग्लंडमध्ये विल्यम हॅम्पसन यांनी अशाच कल्पनेचं पेटंट मागितलं होतं. पण कल्पनेचा कारखाना केला लिंडे यांनी. १८९७ मध्ये बव्हेरियात त्यांना सरदारकी मिळाली आणि नावात 'फॉन' आलं. त्याच साली मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात मैल्यापासून निघालेल्या गॅसवर दिवे लागले. एकमेकांना न ओळखणाऱ्या या दोन वाटा एकत्र यायला पुढे खूप वर्षं लागली.

हवा द्रव झाली, पण ऑक्सिजन वेगळा कुठे झाला होता? १९०२ मध्ये लिंडे यांनी द्रवरूप हवा उंच मनोऱ्यातून खाली सोडून तो वेगळा केला. नायट्रोजन लवकर उकळतो, वर जातो, ऑक्सिजन खाली उतरतो. पण वरून जाणाऱ्या नायट्रोजनसोबत साधारण सात टक्के ऑक्सिजन निसटायचा, म्हणजे हवेतल्या ऑक्सिजनचा जवळजवळ तिसरा हिस्सा वाया. १९१० मध्ये दुहेरी मनोरा आला, एकावर एक. खालच्या मनोऱ्यात दाब जास्त. तिथे नायट्रोजन द्रव होताना जी उष्णता सोडतो तीच वरच्या मनोऱ्यातला ऑक्सिजन उकळायला वापरायची. एकाचं टाकाऊ ते दुसऱ्याचं इंधन. मला विचाराल तर द्रवरूप हवेपेक्षा हा दुहेरी मनोरा जास्त देखणा आहे, जरी त्याचा फोटो कोणी स्टेटसला ठेवत नसलं तरी. आजही मोठे ऑक्सिजन प्लांट याच रचनेवर चालतात. तुमच्या फोनमधली चिप ज्या कारखान्यात बनली तिथला अतिशुद्ध नायट्रोजनही असाच येतो.

आता हेच सगळं घेऊन नांदुऱ्याजवळच्या एखाद्या बायोगॅस प्लांटवर उभे राहा. कॉम्प्रेसर घरघरतोय, बाहेर ऊन आहे आणि मालकाला चिंता विजेच्या मीटरची. लिंडे यांच्या चष्म्यातून बघितलं तर कामं आपोआप सुचतात. पाण्याची वाफ काढायला ५ अंशांची स्वस्त थंडी पुरते, तिथे उणे ११० ची महाग थंडी खर्चू नका. वाफ आणि सल्फाइड आधीच काढा, नाहीतर तेच गोठून नळ्या बुजवतील. लिंडे यांनाही हवेतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड आधी काढावा लागायचा. शुद्ध झालेला मिथेन उणे ११० वर बाहेर पडतो, त्याची सिलिंडरमध्ये थंड जायची काहीच गरज नाही. त्याला येणाऱ्या गॅसच्या उलट दिशेनं फिरवा आणि त्याची थंडी काढून घ्या. ड्राय आइसला गिऱ्हाईक नसेल तर त्याची थंडीही तशीच परत घ्या. आपल्या प्लांटमध्ये सगळ्यात जास्त थंडी त्या बर्फातच अडकलेली असते.

किंवा गॅसचा दाब वाढवा. ५.२ बार दाब आणि उणे ५६.६ अंश, कार्बन डायऑक्साइडसाठी ही एक खास रेघ आहे. त्याच्या स्वतःच्या वाट्याचा दाब यापेक्षा जास्त असला तर तो बर्फ न होता पाण्यासारखा वाहतो, नळ्या बुजत नाहीत आणि तेवढं खोल जावंही लागत नाही. कॉम्प्रेसरचं बिल वाढतं, थंडीचं कमी होतं. दोन्हींची बेरीज कुठे सगळ्यात लहान येते ते प्रत्येक प्लांटचं वेगळं, आणि ते मोजल्याशिवाय कळत नाही. छोट्या प्लांटला हे सगळं झेपेल का? माझ्या मते घरगुती किंवा चार-दोन गोठ्यांच्या गॅसला नाही, तिथे शेगडीच बरी. मोठ्या, रोज टनावारी शेण येणाऱ्या प्लांटवर मात्र हा हिशेब मांडून बघण्यासारखा आहे, विशेषतः जिथे पाणी खारट आहे आणि रात्री गार.

लिंडे पुढे म्हातारपणीही स्वस्थ बसले नाहीत. म्युनिकच्या प्रसिद्ध विज्ञान-तंत्रज्ञान संग्रहालयाच्या, म्हणजे डॉइचेस म्युझियमच्या उभारणीत ऑस्कर फॉन मिलर यांच्यासोबत त्यांचा हात होता. फ्रीडरिश आणि रिचर्ड ही दोन मुलं कंपनीत आली. १९१६ मध्ये त्यांनी आपल्या आयुष्याची आणि कामाची हकिकत लिहून काढली. १६ नोव्हेंबर १९३४ रोजी म्युनिकमध्ये ते वारले, वयाच्या ब्याण्णवाव्या वर्षी. कंपनी अजून त्यांच्याच नावानं चालते आणि तिची भारतातली शाखा ऑक्सिजनच बनवते. पुढच्या वेळी समृद्धी महामार्गावर नाहीतर खामगावच्या नाक्यावर पांढरा, लांबट, इन्सुलेशन केलेला टँकर दिसला तर त्याच्या बाजूला लिहिलेलं नाव वाचून बघा.